हिंवतापाची मोजदाद

भारतांतील हिंवतापाचा इतिहास बहुधा दोन पराक्रमांच्या आधारें सांगितला जातो. पहिला रोनाल्ड रॉस यांचा. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें त्यांना डांसाच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाचे जंतु दिसले. दुसरा डीडीटी या द्रव्याचा. १९३९ सालीं पॉल म्यूलर यांना स्वित्झर्लंडमध्यें त्याची कीटकनाशक शक्ति आढळली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तें आपल्या खेडोपाडीं फवारलें जाऊं लागलें. हे दोन्ही पराक्रम मोठेच. परंतु त्यांच्या झगझगाटांत तिसरी एक कथा झांकोळून जाते. ती मोजणाऱ्यांची कथा आहे. मुलांच्या पोटावर हात ठेवून पानथरी चांचपणारे, गोठ्यांत शिरून डांस पकडणारे, दारोदार हिंडून कांचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेणारे आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं बसून या साऱ्याचा हिशेब जुळविणारे, असे हे लोक. या देशांत हिंवताप हटला तेव्हां त्यांच्या मोजदादीचा त्यांत मोठा वाटा होता. आणि तो उलटून आला तेव्हां मोजदाद ढिली पडलेली होती.

या मोजदादीचा आरंभ रोगाचें कारण उमगण्यापूर्वींच झाला. १८४५ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गंगेचा मोठा कालवा खोदण्याची योजना सरकारपुढें होती. कालव्याच्या पाण्यानें ताप वाढतो, अशी तक्रार यमुनेच्या कालव्यांच्या कांठीं ऐकूं येत होती. तिची शहानिशा करण्यासाठीं बेकर, डेम्प्स्टर आणि यूल या तिघांची समिति नेमण्यांत आली. बेकर आणि यूल हे स्थापत्यशास्त्राचे जाणकार, तर डेम्प्स्टर हे डॉक्टर. ताप मोजावा कसा, हाच त्यांच्यापुढील पहिला प्रश्न होता. लोकांच्या आठवणींवर विसंबून कोणताहि निर्णय देतां आला नसता. डेम्प्स्टर यांनीं एक साधी युक्ति योजिली. ज्याला वारंवार हिंवताप येतो त्याची प्लीहा, म्हणजे व्यवहारांतील पानथरी, वाढते आणि डाव्या बरगडीखालीं हाताला लागते. त्यांनीं गांवोगांव लोकांचीं पोटें तपासलीं आणि शेंकडा कितीजणांची पानथरी वाढलेली आहे, तें लिहून काढलें. १८४७ मध्यें निघालेला निष्कर्ष मार्मिक होता. दोष केवळ कालव्याचा नव्हता. जेथें पाण्याचा निचरा होत नव्हता आणि चिकण जमिनींत पाणी तुंबून राहात होतें, तेथें पानथऱ्या अधिक होत्या. हिंवतापाचा जंतु त्या वेळीं कोणालाच ठाऊक नव्हता. फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांना अल्जीरियांत तो दिसला १८८० सालीं. तरीहि हातानें केलेल्या या मोजणीनें रोगाचें ठिकाण बरोबर दाखविलें. पुढें कित्येक दशकें ‘प्लीहाप्रमाण’ हेंच हिंवतापाच्या तीव्रतेचें माप राहिलें.

या मापाची गरज कां भासली, हेंहि पाहण्यासारखें आहे. खेड्यांतील मृत्यूची नोंद पाटील किंवा चौकीदार यांच्याकडे असे. देवी आणि पटकी हे रोग त्यांना ओळखतां येत. बाकीचे बहुतेक मृत्यु मात्र ‘ताप’ या एकाच शब्दाखालीं जमा होत. त्यांत विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतरोग, कायकाय असेल तें एकत्र मिसळलेलें असे. अशा वहीच्या आधारें उपाय योजणें म्हणजे धुक्यांत नेम धरण्यासारखें होतें.

रॉस यांच्या शोधानंतर डांसच नाहींसे करावेत, असा विचार स्वाभाविकपणें पुढें आला. त्याची मोठी परीक्षा लाहोरजवळील मियांमीर येथील छावणींत १९०२ पासून झाली. डबकीं बुजविलीं, पाण्यावर तेल टाकलें, पाटाचें पाणी अडविलें, सैनिकांना कोयनेल दिलें. परंतु ताप हटला नाहीं. छावणीभोंवतीं कालव्यावर भिजणारी शेतें पसरलेलीं होतीं आणि तेथून डांसांची आवक चालूच राहिली. १९०९ सालीं सिमल्यास भरलेल्या परिषदेंत या अपयशावरून कडाक्याचा वाद झाला. प्रयत्नच तोकडा होता, असें रॉस यांचें म्हणणें. अशा मुलखांत हा मार्गच निष्फळ, असें प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचें मत. वाद मिटला नाहीं. पण क्षेत्र, खर्च आणि परिणाम मोजण्याची रीति आधीं ठरविल्यावांचून मोहीम हातीं घेऊं नये, एवढा धडा त्यांतून मिळाला.

त्याच सुमारास एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनीं पंजाबांतील १९०८ च्या भयंकर सांथीचा अभ्यास केला. १९११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालांत त्यांनीं जिल्हावार मृत्यूंचे आंकडे पावसाच्या आणि धान्याच्या भावांच्या आंकड्यांशेजारीं मांडले. अतिवृष्टि आणि महागाई ज्या वर्षीं एकत्र येतात त्या वर्षीं शरद ऋतूंत सांथ उसळते, असें त्यांना आढळलें. डांस पावसानें वाढतात हें खरें. पण उपाशी शरीर तापाला लौकर बळी पडतें, हेंहि तितकेंच खरें. डॉक्टरच्या टेबलावर बाजारभावाचें पत्रक ठेवण्याचा हा प्रयोग पुढें सांथीचें भाकीत करण्याच्या कामीं आला.

मुंबई शहराची कथा याहून निराळी. येथें शेतें नाहींत, कालवे नाहींत. तरीहि कोटविभागांत हिंवताप ठाण मांडून होता. चार्ल्स बेंटली यांनीं त्याचा माग काढला आणि त्यांच्या १९११ च्या अहवालांत ठपका आला तो घरांतल्या विहिरींवर व टाक्यांवर. ‘ॲनॉफिलीस स्टीफेन्साय’ जातीचा डांस स्वच्छ पाण्यांत वाढतो; आणि नळ आल्यावरहि जुन्या वाड्यांतील विहिरी तशाच उघड्या राहिल्या होत्या. त्या बुजवाव्यात, ही सूचना कागदावर सोपी होती. परंतु विहिरीच्या पाण्याशीं पारशी आणि हिंदु कुटुंबांचे धर्माचार जोडलेले होते. म्हणून कांहीं विहिरी बुजविल्या गेल्या, कांहीं झांकल्या गेल्या आणि वाद चालू राहिला. १९२८ सालीं गॉर्डन कॉव्हेल यांनीं मुंबईची पुन्हां पाहणी केली, तेव्हांहि विहिरी, टाक्या आणि कारंजीं हींच यादी समोर आली. शहराचा शत्रु कोणता आणि खेड्याचा कोणता, हें ओळखल्यावांचून एकच उपाय सर्वत्र लादतां येत नाहीं, हें मुंबईनें स्पष्ट करून दाखविलें.

खेड्यांचें उत्तर जवळच्याच दोन जिल्ह्यांतून आलें. कानडा, म्हणजे आजचा उत्तर कन्नड, आणि धारवाड हे जिल्हे त्या काळीं मुंबई प्रांतांत मोडत. कारवारच्या घाटावरील तालुके तापासाठीं कुप्रसिद्ध होते. तेथील मुख्य दोषी ‘ॲनॉफिलीस फ्लुव्हिएटिलिस’. डोंगरी ओहोळांच्या गवताळ कडेला तो अंडीं घालतो. रानांतील ओहोळांवर तेल टाकीत हिंडणें कोणत्याहि सरकारला परवडणारें नव्हतें. डॉ. डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव यांनीं १९४६ पासून तेथें निराळा मार्ग धरला. डांसांच्या पैदाशीच्या जागा सोडून देऊन माणसांच्या घरांच्या भिंतींवर आंतून डीडीटी फवारण्याचें त्यांनीं ठरविलें.

या उपायामागील तर्क समजून घेण्याजोगा आहे. डांसाची मादी रात्रीं रक्त पिऊन जड होते आणि जवळच्या भिंतीवर विसांवते. तिच्या पोटांत गेलेल्या जंतूंना पक्व व्हावयास दहा-बारा दिवस तरी लागतात. तेवढ्या अवधींत ती अनेकदां घरांत येते, चावते आणि भिंतीवर बसते. भिंतीवर विषारी थर असेल, तर दुसऱ्यास रोग देण्याइतकी ती जगतच नाहीं. याचा अर्थ असा कीं, जगांतील सारे डांस मारण्याची गरज नाहीं. घरांत येणाऱ्या डांसाचें आयुष्य थोडें तोकडें केलें म्हणजे पुरतें.

परंतु याच तर्कानें नियोजनाचा भार वाढविला. दहा घरांपैकीं चार घरें राहून गेलीं, तर तीं चार घरें रोगाचा आश्रय बनतात. म्हणून प्रथम घरांची यादी, मग गांवाचा नकाशा, मग पथकांचे दौरे, पंपांची दुरुस्ती, औषधाचा साठा आणि पावसाळ्यांतील रस्त्यांचा अंदाज, अशी सारी जुळणी करावी लागे. फवारणी झाल्यावर घरच्या बायकांनीं सणासाठीं भिंती सारवल्या, तर सारें औषध शेणमातीखालीं गडप होई. तेव्हां फेरीचा महिना ठरवितांना पंचांगहि पाहणें आलें. आणि शेवटीं परिणामाची मोजणी. मुलांची पानथरी, भिंतींवर सांपडणारे डांस आणि विशेषतः वर्षाच्या आंतील तान्ह्या बालकांचें रक्त. मोठ्या माणसाच्या पानथरींत जुन्या तापाची आठवण राहते. पण आठ महिन्यांच्या बालकाच्या रक्तांत जंतु मिळाला, तर रोग यंदाच लागला यांत शंका उरत नाहीं. बालकांचें रक्त स्वच्छ निघणें हाच यशाचा खरा दाखला. कानडा-धारवाडमधील पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९४७ सालीं प्रसिद्ध झाले. ते इतके आशादायक होते कीं मुंबई प्रांतानें ही योजना इतर जिल्ह्यांतहि वाढविली.

या अनुभवाच्या पायावर एप्रिल १९५३ मध्यें राष्ट्रीय हिंवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. त्या वेळीं देशांत दरवर्षीं सुमारें साडेसात कोटि लोकांना हिंवताप होई आणि आठ लाख लोक त्यानें मरत, असा अंदाज होता. दहा लाख वस्तीला एक पथक, असा हिशेब धरून काम सुरू झालें. पांच वर्षांत रुग्णांची संख्या वीस लाखांच्या घरांत आली. तेव्हां उमेद वाढली आणि १९५८ सालीं ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला.

निर्मूलनाच्या आराखड्यांत फवारणी ही कायमची गोष्ट नव्हती. कांहीं वर्षें हल्ला, मग फवारणी थांबवून कडक पाळत आणि शेवटीं नेहमींच्या आरोग्यखात्याच्या हवालीं राखण, असा क्रम ठरला होता. साऱ्या आराखड्याचा प्राण मधल्या टप्प्यांत, म्हणजे पाळतींत होता. दहा हजार वस्तीमागें एक सेवक नेमला जाई. त्यानें दर पंधरवड्याला प्रत्येक घरीं जावें, ‘कोणाला ताप आहे काय, मागच्या फेरीनंतर येऊन गेला काय’ असें विचारावें, असेल त्याच्या बोटाचा थेंब कांचपट्टीवर घ्यावा आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या द्याव्यात. घराच्या भिंतीवर त्याच्या भेटीची तारीख लिहिलेली असे; वरचा अधिकारी ती पाहून खातरजमा करी. कांचपट्टी प्रयोगशाळेंत जाई. तेथें जसवंतसिंग आणि भट्टाचार्जी यांनीं १९४४ मध्यें सिद्ध केलेल्या स्वस्त आणि झटपट रंजकद्रव्याचा उपयोग होई. जंतु सांपडल्यास सेवक परत त्या घरीं जाऊन पूर्ण उपचार देई आणि रोग कोठून आला याचा शोध लागे.

१९६१ सालीं साऱ्या देशांत नोंदलेले रुग्ण होते अवघे ४९ हजारांच्या आसपास. १९६५ मध्यें ते लाखाच्या घरांत असले, तरी त्या वर्षीं हिंवतापानें मृत्यु झाल्याची एकहि नोंद नव्हती. साडेसात कोटींपासून येथवर झालेली ही घसरण जगाच्या आरोग्येतिहासांत अपूर्व होती. शत्रु संपला, असा समज पसरला. आणि याच समजुतींत संकटाचें बीज होतें.

आंकडा लहान झाला म्हणजे रोग लहान झाला, असें नेहमींच नसतें. उदाहरणादाखल एक लाख वस्तीचा तालुका घ्यावा. वर्षांत दहा हजार लोकांचें रक्त तपासलें आणि दोनशें जणांत जंतु मिळाले, तर दर हजारीं रुग्णांचें प्रमाण दोन होतें. पुढच्या वर्षीं सेवकांच्या जागा रिकाम्या राहिल्या, केवळ दोन हजार कांचपट्ट्या तपासल्या गेल्या आणि शंभर रुग्ण सांपडले, तर तेंच प्रमाण एकावर उतरतें. वरच्या कचेरींत समाधान होतें. प्रत्यक्षांत तपासलेल्यांपैकीं पूर्वीं शेंकडा दोघे रोगी होते, ते आतां शेंकडा पांच झाले आहेत. रोग वाढला, पाहणारा डोळा मात्र मिटला. म्हणूनच जाणते अधिकारी रुग्णसंख्येआधीं तपासणीची संख्या विचारीत. वर्षांत शेंकडा दहा लोकांचें तरी रक्त तपासलें गेलें पाहिजे, हा दंडक याचसाठीं घातलेला होता.

१९६५ नंतरच्या दहा वर्षांत हा डोळा हळूहळू मिटत गेला. जे जिल्हे ‘राखणीं’त गेले तेथील स्वतंत्र पथकें मोडलीं आणि काम सामान्य आरोग्यसेवकांकडे आलें. १९६३ मध्यें चढ्ढा समितीनें या सेवकानें दरमहा घरभेटी द्याव्यात आणि इतर कामेंहि पाहावींत, असें सुचविलें होतें. पुढें त्याच्यावर कुटुंबनियोजनाचा भार इतका पडला कीं, मुखर्जी समितीला तें काम निराळें करण्याची शिफारस करावी लागली. पुष्कळ ठिकाणीं प्राथमिक आरोग्यकेंद्रेंच उभीं राहिलीं नव्हतीं. प्रयोगशाळांत कांचपट्ट्यांचे ढीग साचले. कोणाला हिंवताप आहे याचें उत्तर येईपर्यंत तो रोगी अनेकांना रोग देऊन चुकलेला असे. बाहेरची मदत आटली आणि डीडीटी वेळेवर मिळेना. डांसहि बदलले होते. पठारी मुलखांतील ‘ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीज’ या डांसाला डीडीटी मानवूं लागल्याचें १९५९ सालींच पंचमहाल जिल्ह्यांत आढळलें होतें. १९७३ मध्यें आसामांत क्लोरोक्विनला दाद न देणारे जंतु सांपडले. शिवाय शहरें या कार्यक्रमांत जवळजवळ नव्हतींच. त्यांच्यासाठीं स्वतंत्र योजना निघाली ती १९७१ मध्यें.

परिणाम १९७६ सालीं दिसला. त्या एका वर्षांत ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. पंधरा वर्षांपूर्वींच्या ४९ हजारांशीं ही संख्या ताडून पाहिली म्हणजे केवढें यश हातचें गेलें, तें कळतें. याचा भार ज्या कुटुंबांवर पडला तीं बहुतेक पेरणी आणि मळणीच्या हंगामांत अंथरुणाला खिळलेलीं होतीं.

एप्रिल १९७७ मध्यें सुधारित योजना आली. तिनें निर्मूलनाची घाई सोडली आणि तीन माफक उद्दिष्टें पुढें ठेवलीं : मृत्यु टाळणें, शेती व उद्योग यांचें उत्पादन राखणें आणि मिळविलेलें यश टिकविणें. परंतु तिच्यांतील सर्वांत दूरगामी बदल नकाशावरचा होता. पूर्वींचीं पथकें लोकसंख्येच्या हिशेबानें आंखलेलीं होतीं आणि त्यांच्या सीमा जिल्ह्याच्या सीमांशीं जुळत नव्हत्या. पंपवाल्यांचा एक मुलूख, कलेक्टरचा दुसरा आणि जिल्ह्याच्या आरोग्याधिकाऱ्याचा तिसरा, अशी स्थिति होती. ती मोडून जिल्हा हाच कामाचा घटक ठरविला आणि हिंवतापाचा अधिकारी जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेंत आणून बसविला. सरसकट फवारणीऐवजीं जेथें हजारीं दोन किंवा अधिक रुग्ण आढळतील तेथेंच फवारणी करावयाची, असें ठरलें. गांवोगांव शिक्षक, पंच आणि इतर स्वयंसेवक यांच्या हातीं गोळ्या देऊन औषधवाटपाचीं केंद्रें उघडलीं. प्रयोगशाळा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत आल्यामुळें कांचपट्टीचा प्रवास आंखूड झाला.

या बदलानें रुग्णांची संख्या उतरली आणि १९८० नंतरच्या दशकांत ती वीस लाखांच्या आसपास स्थिरावली. जिल्हाधिकाऱ्याच्या हातीं आलेला हजारीं दोनचा निकष मात्र दुधारी होता. ज्या तालुक्यांत तपासणी नीट होई तेथें रोग दिसे आणि फवारणी मिळे. ज्या तालुक्यांत तपासणीच होत नसे तो कागदावर निरोगी ठरून फवारणीस मुके. जो सर्वांत दुर्लक्षित, तोच मदतीच्या यादींतून गळावा, हा विपरीत न्याय केवळ प्रामाणिक मोजणीनेंच टळतो.

मोजणीबरोबर भूगोलाचीहि जाण लागते. १९९४ सालीं राजस्थानच्या वाळवंटी जिल्ह्यांत हिंवतापाची मोठी सांथ आली. अतिवृष्टि आणि नव्या कालव्याचें साचलेलें पाणी हीं तिचीं कारणें सांगितलीं गेलीं. डेम्प्स्टर यांनीं दीडशें वर्षांपूर्वीं नोंदविलेला निचऱ्याचा प्रश्न पुन्हां दारीं आला. उलट गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतील नडियाद तालुक्यांत १९८३ पासून डॉ. व्ही. पी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं खड्डे बुजविणें, पाण्यांत अळ्या खाणारे मासे सोडणें आणि गांवकऱ्यांना कामांत घेणें या साधनांनीं तापाला आळा घालून दाखविला.

२००३ पासून हिंवताप, हत्तीरोग, काळा आजार, जपानी मेंदूज्वर आणि डेंग्यू हे रोग एकाच राष्ट्रीय कार्यक्रमाखालीं आले. पुढें चिकुनगुन्याची भर पडली. जिल्ह्याचें काम त्यामुळें अधिक गुंतागुंतीचें झालें. डेंग्यूचा डांस दिवसा चावतो आणि घरांतल्या रांजणांत वाढतो. काळ्या आजाराची वालुमक्षिका भिंतीच्या भेगांत दडते. हत्तीरोगाचा डांस गटाराच्या पाण्यावर पोसतो. एकाच भिंतीवरची एकच फवारणी या सर्वांना पुरी पडत नाहीं.

शेजारच्या श्रीलंकेचा दाखला येथें बोधप्रद आहे. १९६३ मध्यें त्या देशांत हिंवतापाचे अवघे १७ रुग्ण उरले होते. पाळत सैल झाली आणि १९६८-६९ मध्यें लाखों लोक पुन्हां आजारी पडले. तरीहि त्या देशानें पुन्हां चिकाटीनें काम केलें आणि सप्टेंबर २०१६ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें त्याला हिंवतापमुक्त म्हणून मान्यता दिली. शेवटचा रुग्ण गेल्यावरहि तेथें रक्ततपासणी थांबलेली नाहीं. कारण परदेशांतून येणारा एखादा प्रवासी रोग घेऊन येऊं शकतो.

त्याच वर्षीं भारतानेंहि २०३० पर्यंत हिंवताप नाहींसा करण्याचा आराखडा स्वीकारला आणि त्यांत जिल्हा हाच नियोजनाचा घटक मानला. २०२० नंतर देशांत नोंदलेले रुग्ण वर्षाला दोन लाखांच्या आगेमागे राहिले आहेत. उरलेला रोग कांहीं थोड्या जिल्ह्यांत एकवटला आहे. महाराष्ट्रांत त्याचा मुख्य भार गडचिरोलीच्या जंगलांतील गांवांवर आहे. पावसाळ्यांत नाले भरून वाट तुटते, अशा पाड्यांवर आतां आशा कार्यकर्ती झटपट चांचणीच्या पट्टीवर बोटाचा थेंब घेते आणि थोड्या मिनिटांत निदान करून तेथल्या तेथें औषध देते. प्रयोगशाळेंतल्या ढिगाची जुनी अडचण या लहानशा साधनानें पुष्कळ अंशीं दूर केली आहे.

तथापि साधन बदललें तरी कर्तव्य तेंच आहे. शून्याचे दोन प्रकार असतात : एक सगळीकडे शोधूनहि न सांपडल्याचा आणि दुसरा न शोधल्याचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. त्यांतील फरक ओळखणारा अधिकारी, त्याच्या हाताखालीं पाड्यापाड्यावर जाणारा सेवक, आणि घराशीं आलेल्या सेवकाला ‘आमच्याकडे कोणी आजारी नाहीं’ असें म्हणून परत न पाठवितां तापाचा माणूस दाखविणारें कुटुंब, या तिघांच्या सहकार्यावरच पुढील यश अवलंबून आहे. शहरांतील सुशिक्षित घरांनाहि यांत वांटा आहे. गच्चीवरील टाकीचें झांकण नीट बसलेलें आहे कीं नाहीं, हें आठवड्यांतून एकदां पाहणें हीहि त्या राष्ट्रीय मोजदादींतील एक नोंदच होय.